गोष्ट सांगणारे गाणे घरच्या घरी ध्वनिमुद्रित करताना

माइक लावण्याआधी बँडमधल्या सर्वांनी एकत्र बसून ठरवावे की गाण्यातली गोष्ट कोण सांगत आहे आणि सांगताना ती व्यक्ती नेमकी कुठे आहे. समजा, पावसाळ्यातल्या रात्री गावच्या फाट्यावर, पत्र्याच्या शेडखाली, शेवटच्या एसटीची वाट पाहणारी एक बाई बोलते आहे. एवढे निश्चित झाले की आवाज जवळचा हवा, गिटार विरळ हवी आणि पहिल्या शब्दाआधी पाऊस ऐकू यायला हवा, हे आपोआप ठरत जाते. नव्या बँडचे वातावरण बहुधा इथेच फसते, कारण आधी सुंदर आवाज जमवले जातात आणि मग त्यांत गोष्ट कोंबली जाते.

पाऊस शक्यतो स्वतःच ध्वनिमुद्रित करावा. रेकॉर्डर पत्र्याखाली कोरड्या जागी ठेवावा, त्यावर फोमची टोपी चढवावी आणि निदान पाच मिनिटे कोणीही न बोलता, न हलता थांबावे. फाइल वेव्ह स्वरूपात, २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर घ्यावी. पत्र्यावरचा पाऊस हा जवळजवळ सलग खरखराटच असतो आणि तो व्यंजनांवर नेमका पांघरूण घालतो. म्हणून गायन सुरू होताच पावसाची पातळी उतरवावी आणि इक्वलायझरने (आवाजातले ठरावीक पट्टे कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) त्यातला साधारण २ ते ५ किलोहर्ट्झचा पट्टा तीन-चार डेसिबलने कमी करावा. पाऊस तसाच पडत राहतो, पण शब्द त्यातून वर येतात.

गायनासाठी पंखा आणि फ्रिज बंद करावा, गायिकेच्या पाठीमागे गादी किंवा जाड रजई टांगावी आणि रेकॉर्डिंगच्या मीटरवर आवाजाची सर्वोच्च पातळी उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील असे पाहावे. एरवी माइकपासून १५ ते २० सेंटिमीटर अंतर पुरते, पण कानात सांगितल्यासारख्या ओळींसाठी पॉप फिल्टर (प, भ यांसारख्या अक्षरांची फुंकर अडवणारी जाळी) लावून दहापर्यंत यावे. एकदिश, म्हणजे मुख्यतः समोरचाच आवाज टिपणाऱ्या माइकजवळ गेल्यावर खर्ज वाढतो आणि त्याची ऊब अशा ओळींना शोभते. मात्र मराठीतले शब्दान्ती येणारे अकारान्त उच्चार चालीसाठी ताणू नयेत, कारण ‘वाट’चे ‘वाटऽ’ झाले की बाई बोलायची थांबते आणि गायिका गाऊ लागते.

मागच्या आवाजांबाबत पोवाड्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. शाहिराची ओळ संपताच झीलकरी, म्हणजे मागचे साथीदार, सूर उचलून धरतात, त्यामुळे शाहिराला दम घेता येतो आणि ऐकणाऱ्याला घडलेला प्रसंग मनात बसवता येतो. तोच हिशोब आपल्या गाण्यात ठेवावा. साथीदारांनी संपूर्ण कडवे न गाता ओळीचे शेवटचे दोन शब्दच घ्यावेत आणि माइकपासून दोन-तीन मीटर मागे उभे राहून गावे. खोलीचा खरा घुमारा त्या आवाजांत येतो आणि पुढे कृत्रिम रिव्हर्ब (मिश्रणात चढवलेला घुमारा) फारच थोडा लागतो.

मुख्य आवाजावर रिव्हर्ब पहिल्या कडव्यात जवळजवळ नसावा. बाई जुन्या आठवणीत शिरते तिथे तो हळूहळू उघडावा आणि प्री-डिले (शब्द आणि त्याचा घुमारा यांतला अवधी) ३० ते ४० मिलिसेकंद ठेवावा, म्हणजे शब्द आधी पोहोचतो आणि घुमारा मागून येतो.

मिश्रण झाले की ज्याने ओळी वाचलेल्या नाहीत अशा माणसाला ते मोबाइलच्या स्पीकरवर एकदाच ऐकवावे आणि गोष्ट परत सांगायला सांगावी. आमच्या एका गाण्यात ऐकणाऱ्या काकूंनी विचारले, “मग ती गाडीत बसली की नाही?” उत्तर ज्या शब्दात होते तो शब्द झांजेखाली दबला होता. आम्ही त्या ओळीपुरती झांज काढून टाकली.