धाप लागलेल्या रुग्णाला जेवू घालताना

मी रुग्णालयात आहारतज्ज्ञ आहे. वॉर्डात गेले की आधी परत आलेलं ताट बघते, मग केसपेपर. ‘जेवले थोडंसं’ यावरून मला काहीच कळत नाही. पाव ताट संपलं की अर्धं, ते लिहून ठेवा.

श्वसनाचा गंभीर विषाणूसंसर्ग झाला की ताप आणि श्वास ओढण्याचे कष्ट यांत शक्ती भराभर खर्च होते, आणि नेमका तेव्हाच घास नकोसा होतो. मग स्नायू झिजतात, छातीचेही. म्हणून दाखल होतानाच वजन घ्या, आधीचं विचारा. महिन्याभरात ५ टक्क्यांहून जास्त उतरलं असेल तर आम्हाला लगेच बोलवा. अंगाने भरलेला रुग्णही कुपोषित असू शकतो, हे मात्र घरच्यांना पटवणं कठीण जातं!

साधारण हिशेब किलोमागे २५ ते ३० किलोकॅलरी आणि निदान १.२ ग्रॅम प्रथिनं. म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज ७२ ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आकडा डॉक्टरांशी बोलून ठरवायचा.

भरवताना रुग्णाला ताठ बसवा. ऑक्सिजनचा मास्क स्वतःहून काढू नका. जेवणापुरती ऑक्सिजनची नाकातली नळी चालेल का, ते सिस्टरना विचारा. बोटावरच्या ऑक्सिमीटरवर लक्ष ठेवा. आकडा उतरू लागला की चमचा खाली, आणि सिस्टरना हाक. एरवीही दोन घास झाले की दम खाऊ द्या. थोडं थोडं, पण दिवसातून सहा वेळा. अंडं, दूध, दही असं प्रथिनांचं आधी द्या. पातळ सूपने पोट भरतं, हाती काही लागत नाही. जेवल्यावर अर्धा तास आडवं करू नका.

खाताना ठसका लागला किंवा आवाज ओलसर, घोगरा झाला तर तिथेच थांबा. व्हेंटिलेटरची नळी नुकतीच निघाली असेल तर गिळण्याची तपासणी होईपर्यंत पाण्याचा घोटही नको.

तोंडाने पुरेसं जात नसेल तर नाकातून अन्नाची नळी घालायला फार दिवस थांबू नये. व्हेंटिलेटरवर असलेल्यांना शक्यतो ४८ तासांच्या आत नळीने अन्न सुरू करतात; पालथं झोपवलं म्हणून ते बंद करायची गरज नसते, डोक्याकडची बाजू थोडी उंच ठेवतात. बरेच दिवस उपाशी असलेल्याचं अन्न मात्र हळूहळूच वाढवायचं, रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम तपासत.

घरी सोडताना वजन पुन्हा करा, आणि तो आकडा डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या.