ओपन इलेक्टिव्हचा निबंध लिहिताना

बीएस्सीची मुलं हल्ली इतिहासाचा निबंध घेऊन येतात आणि बीएची मुलं भूगर्भशास्त्राचा. नव्या शैक्षणिक धोरणात ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे निवडीचा विषय, आपल्या शाखेबाहेरचा घ्यावा लागतो, त्यामुळे पहिल्या वर्षाला आलेल्यांची तारांबळ उडते. दहावी-बारावीचा निबंध म्हणजे सुभाषिताने सुरुवात, तीन परिच्छेद आणि शेवटी भारतमातेचा उल्लेख. कॉलेजात ते चालत नाही, पण मग काय चालतं हे नीट कुणी सांगत नाही. मी बीए, एमए करताना असे निबंध ढिगाने लिहिले, आता ज्युनियर मुलांचे वाचतो. त्यातून जमलेलं हे थोडं.

सर बहुतेक वेळा विषय अगडबंब देतात. ‘महाराष्ट्रातील सार्वजनिक आरोग्याचा इतिहास’ घ्या. यावर दीड हजार शब्दांत कुणीच काही धड लिहू शकत नाही, सरसुद्धा नाही. त्याचा एक तुकडा पाडा आणि तो सरांकडून मंजूर करून घ्या. उदाहरणार्थ 1896-97चा प्लेग. सप्टेंबर 1896मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी तो ओळखला. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला तो पुण्यात जोरात पसरला. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना 10 मार्च 1897ला गेल्या. 22 जूनला चापेकर बंधूंनी पुण्याच्या प्लेग कमिटीचा प्रमुख रँड याच्यावर गोळी झाडली. एवढं प्रत्येकाला पाठ असतं आणि प्रत्येकाच्या निबंधात येतं, म्हणूनच ते वाचताना परीक्षक जांभया देतात.

आता यात थोडं विज्ञान घाला. प्लेगचा जिवाणू 1894 साली हाँगकाँगमध्ये सापडला होता. पण तो उंदरावरच्या पिसवांमार्फत माणसात येतो, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने 1898मध्ये कराचीत दाखवलं. म्हणजे पुण्यात गोरे सोल्जर घराघरांत शिरून सामान बाहेर काढत होते, ते जाळत होते, तेव्हा रोग नक्की कसा पसरतो हे त्या सोल्जरांना, त्यांच्या साहेबांना आणि घरमालकालाही माहीत नव्हतं. हे एकदा लक्षात आलं की ‘इंग्रजांनी जुलूम केला’ किंवा ‘लोक अडाणी होते’ अशी दोन्ही तयार वाक्यं तोकडी पडतात आणि खरा निबंध सुरू होतो. मग विचारा : झडत्यांचं वर्णन कोण करतंय? प्लेग कमिटीचा अहवाल एक सांगतो, त्या काळची वर्तमानपत्रं दुसरंच. ‘केसरी’तल्या लिखाणावरून तर 1897मध्येच टिळकांना राजद्रोहाखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली. दोन्ही बाजूंचे कागद शेजारी ठेवा, कोण कशासाठी लिहितोय ते बघा. त्याच साली झालेला साथरोग कायदा 2020मध्ये कोविडसाठी पुन्हा वापरला गेला, हाही एक स्वतंत्र निबंध होईल. कुणी लिहिला तर मला वाचायचाय.

माझ्या मते शाखेबाहेरच्यांना इतिहासच सगळ्यात जड जातो, कारण तो आपल्याला आधीच येतो असं प्रत्येकाला वाटतं.

विज्ञानाच्या निबंधात भीती वेगळी असते. आकडा दिसला की मुलं तो उचलतात आणि जपून ठेवतात. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार, उल्कापाताने झालेलं सरोवर, घ्या. एका निबंधात त्याचं वय सुमारे 50 हजार वर्षं, दुसऱ्यात 5 लाख 70 हजार. दोन्ही मुलांनी प्रामाणिकपणे उतरवून घेतलेलं. फरक पडतो तो मोजण्याच्या रीतीत. पहिला आकडा थर्मोल्युमिनेसन्सचा : तापलेल्या पदार्थात नंतरच्या काळात किती ऊर्जा साठली यावरून काढलेला. दुसरा आर्गॉन पद्धतीचा : आघाताने वितळलेल्या खडकात पोटॅशियमपासून किती आर्गॉन तयार झाला यावरून काढलेला, अलीकडचा. आकड्यापुढे तो कसा काढला हे एका ओळीत लिहिलंत तरी निबंध वर्गातल्या बाकीच्यांच्या पुढे जातो. आणि ‘बेसॉल्टमधलं जगातलं एकमेव विवर’ हे वाक्य कृपा करून खोडा. बेसॉल्ट म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा खडक, आणि ब्राझीलमध्येही त्यात आघाताने झालेली विवरं आहेत. ‘एकमेव’, ‘पहिले’, ‘सर्वात मोठे’ हे शब्द दिसले की पेन्सिलीने गोल करायची सवय लावून घ्या. जून 2020मध्ये तळ्याचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर काय काय फिरलं! पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तर खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आल्याचं निघालं. नोव्हेंबर 2020मध्ये लोणारला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला.

संस्कृतीच्या विषयावर पुस्तकं पुरत नाहीत, माणसं गाठावी लागतात. एका मुलीने जात्यावरच्या ओव्यांवर लिहायचं ठरवलं आणि आजीसमोर मोबाईल धरला. आजीला दोन-तीन ओव्यांच्या पुढे काही आठवेना. शेवटी माळ्यावरचं जातं खाली काढलं, खुंटा ठोकून घट्ट केला आणि मूठभर ज्वारी टाकून आजीला बसवलं. मग तासभर थांबेना. त्या मुलीने निबंधात ओव्या तर दिल्याच, शिवाय आजी कुठे दम घेते, जात्यात धान्याचा घास टाकताना ओळ कशी तुटते, तेही लिहिलं. कुणी सांगितलं, त्यांचं गाव कोणतं, कधी ऐकलं, एवढं तळाला जरूर लिहा, आणि त्यांना विचारून लिहा.

साहित्य शोधायला पहिली पायरी मराठी विश्वकोश, तो आता ऑनलाइन आहे. मात्र काही नोंदी जुन्या आहेत, विज्ञानातले आकडे नव्याने ताडून घ्या. लोकजीवनासाठी महादेवशास्त्री जोशींचा संस्कृतिकोश, आणि जिल्ह्याच्या माहितीला गॅझेटियर. तालुक्याच्या वाचनालयातल्या ग्रंथपालांशी ओळख वाढवा, कपाटाच्या मागच्या रांगेत काय आहे हे त्यांनाच ठाऊक असतं. चॅटजीपीटीला संदर्भ विचारलेत तर तो कधी कधी अस्तित्वात नसलेली पुस्तकंही ठोकून देतो. तोंडी परीक्षेत सर नेमकं तेच पुस्तक मागतात.

टायपिंगचं आधीच बघून ठेवा. डीटीपीवाल्याकडे जुन्या फॉन्टमध्ये केलेली फाइल कॉलेजच्या संगणकावर उघडली की निबंधाची नुसती अगम्य चिन्हं होतात. सरळ युनिकोडमध्ये टाइप करा, पीडीएफ काढा आणि शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी सादर करा, कारण शेवटच्या दिवशी पोर्टल हमखास बंद असतं.