केमोच्या आधीचं रक्त

बाबांनंतर आत्याचंही लिम्फोमाच (लसीकाग्रंथींचा कॅन्सर) निघालं, म्हणून लिहून ठेवतोय. फाइल, आधार कार्ड वगैरे तुम्हाला कळतंच. या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही, पोहे खाऊन निघा.

आधी बायोप्सीच्या रिपोर्टात 'ईबर' शोधा. गाठीच्या पेशींत एप्स्टीन-बार विषाणू (ईबीव्ही) आहे का, ते तिथे कळतं. निगेटिव्ह असेल तर रक्तातला विषाणू मोजायचा का, हे डॉक्टरांनाच विचारा.

पॉझिटिव्ह असेल तर रक्त पहिल्या केमोच्या आधी द्यायचं. आधी! बाबांच्या वेळी नेमकी रंगपंचमी होती. गेरमुळे, म्हणजे आमच्या इंदूरच्या रंगाच्या मिरवणुकीमुळे, राजवाड्याकडचे रस्ते बंद, रक्त न्यायला येणारा मुलगा फोनवर म्हणाला, "भैया, परसों आता हूँ." मी म्हटलं, चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी केमो चढलीसुद्धा. नंतरच्या रक्तात विषाणू सापडला नाही, आम्ही पेढे वाटले. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "सुरुवातीला किती होता?" केमोने गेला की मुळात नव्हताच, हे आता कोणी सांगू शकत नाही. हॉजकिन आणि एनके-टी लिम्फोमात सुरुवातीचा मोठा आकडा, किंवा उपचारांनंतरही उरलेला विषाणू, ही आजार चिवट असल्याची खूण धरतात. पण तुलनेला पहिला आकडा तर हवा!

चिठ्ठीवर 'ईबीव्ही डीएनए, क्वांटिटेटिव्ह पीसीआर, प्लाझ्मा' असं पूर्ण लिहून घ्या. नुसतं 'ईबीव्ही' असलं की काउंटरवर अँटीबॉडीची तपासणी लावून मोकळे होतात, आणि ती बहुतेक मोठ्या माणसांत जुन्या संसर्गामुळे पॉझिटिव्हच येते. ट्यूब जांभळ्या टोपणाची. हिरव्या टोपणातलं हेपारिन पीसीआर बिघडवतं. ट्यूब स्कूटरच्या डिकीत टाकून गावभर फिरू नका, प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पेशी सोडून उरलेला द्रव, लवकर वेगळा करावा लागतो. पुढच्या वेळीही तीच लॅब, तोच प्लाझ्मा; अख्ख्या रक्तातला आकडा याच्याशी जुळवता येत नाही.

त्याच सुईत हिपॅटायटिस बीच्या दोन्ही तपासण्या, एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी. रिटुक्सिमॅब हे लिम्फोमावरचं औषध दिल्यावर झोपलेला हिपॅटायटिस बी उठू शकतो. हेही आधीच. एचआयव्हीची तपासणी, रिपोर्टांचे फोटो, झालं.

केमो सोमवारी असेल तर रक्त शुक्रवारी. शुक्रवारी गेर असेल तर गुरुवारी.