सीएनसीचे इनपुट संपले? कार्ड घेण्याआधी कागद घ्या

सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणारं मशीन, संगणकाच्या जुन्या पॅरलल पोर्टला जोडलं तर त्यावर फक्त 5 इनपुट (आत येणारे सिग्नल) आणि 12 आउटपुट (बाहेर जाणारे). तीन होम स्विच (अक्षाची सुरुवातीची जागा सांगणारे), एक प्रोब (टेकल्यावर सिग्नल देणारा), एक इमर्जन्सी स्टॉप लावला की इनपुट खलास. मग इनपुट-आउटपुट वाढवायला घाईत घेतलेलं जादा कार्ड जुळत नाही.

1. प्रत्येक सिग्नल एका ओळीत लिहा: इनपुट की आउटपुट, व्होल्टेज, वेग. त्यावर पाव हिस्सा जागा शिल्लक धरा.

2. सेन्सर एनपीएन (सिग्नल वायर ग्राउंडला जोडणारा) की पीएनपी (प्लसला जोडणारा), हे आधी बघा. बहुतेक घोटाळा इथेच होतो: 24 व्होल्ट बरोबर असतात, वायरिंगही बरोबर, तरी इनपुट हलत नाही. दोन्ही प्रकार चालणारं कार्ड मिळालं तर थोडे जास्त पैसे गेले तरी तेच घ्या.

3. कूलंट पंपाच्या कॉन्टॅक्टरला (मोठा भार चालू-बंद करणारा स्विच) रिले आउटपुट चालतो. स्टेप पल्सला (मोटर पावलापावलाने फिरवणारे वेगवान सिग्नल) मुळीच नाही. स्वस्त, मंद ऑप्टोकपलरही (प्रकाशाने सिग्नल पलीकडे देणारा भाग) तिथे पल्स खातो.

4. तुमच्या कंट्रोल सॉफ्टवेअरमध्ये त्या कार्डाचा ड्रायव्हर आहे ना, ते पैसे देण्याआधी तपासा.

इमर्जन्सी स्टॉपने पॉवर थेट वायरिंगमधूनच तुटली पाहिजे. कार्डाला फक्त खबर जावी.