घर विकणाऱ्याला पत्र लिहिताना

अमेरिकेत मोक्याच्या ठिकाणचे एखादे बरे घर बाजारात आले की शनिवार-रविवारी ओपन हाउस होते, म्हणजे ते घर कोणालाही येऊन पाहता येते, आणि सोमवार-मंगळवारपर्यंत घरमालकाच्या एजंटकडे चार-सहा ऑफर जमा झालेल्या असतात. या ऑफरसोबत घरमालकाला उद्देशून लिहिलेले एक पानी खासगी पत्र जोडण्याची रीत तिथे आहे आणि त्या धंद्यातली मंडळी अशा पत्राला गमतीने ‘लव्ह लेटर’ म्हणतात. हे पत्र कराराचा भाग नसते, त्याने किंमत बदलत नाही आणि कमी पैशांची ऑफर केवळ पत्राच्या जोरावर जिंकेल अशी आशा धरण्यातही अर्थ नाही. मात्र दोन ऑफर जवळजवळ सारख्या असतील आणि घरात पंचवीस-तीस वर्षे राहिलेला मालक कोणाला हो म्हणावे या विचारात असेल, तेव्हा नेमके लिहिलेले पत्र उपयोगी पडू शकते. त्यासाठी ते पत्र घराविषयी आणि व्यवहाराविषयी असायला हवे. लिहिणाऱ्याविषयी जितके कमी असेल तितके बरे. आपल्याकडच्या माणसाला हेच जड जाते, कारण ओळख करून द्यायची म्हणजे घरची मंडळी, मूळ गाव, मुलांची शाळा हे सारे सांगायचे अशी आपली सवय असते.

लिहायला बसण्यापूर्वी आपल्या एजंटकडून दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. पहिली, घर कोण विकत आहे? कर्ज थकल्याने बँकेने ताब्यात घेतलेले घर, बिल्डरचे नवे घर किंवा डागडुजी करून नफ्याने विकण्यासाठी कोणी घेतलेले घर असेल, तर पत्राचा काही उपयोग नाही. तिथे फक्त आकडे वाचले जातात. आईवडिलांच्या मागे मुले घर विकत असतील तर पत्र वाचले जाण्याची शक्यता असते, पण अशा वेळी घराच्या आठवणींबद्दल आपण बोलू नये. दुसरी गोष्ट, विक्रेता पत्रे स्वीकारतो का? अनेक एजंट विक्रेत्याच्या संमतीने खासगी पत्रे घेणार नसल्याचे आधीच कळवतात. तसे कळवलेले असेल तर पत्र पाठवू नये. दारात ठेवलेल्या चिठ्ठीने किंवा शेजाऱ्याकरवी ते पोहोचवण्याचा प्रयत्न केल्यास आपण नियम न पाळणारे खरेदीदार ठरतो, आणि व्यवहाराच्या आरंभीच तशी ओळख होणे परवडत नाही.

हा नकार कोठून आला हे कळले की पत्रात काय नसावे हेही आपोआप कळते. ११ एप्रिल १९६८ रोजी अमेरिकेत फेअर हाउसिंग अ‍ॅक्ट हा कायदा झाला. वंश, वर्ण, धर्म आणि मूळ देश यांवरून घर विकण्यास किंवा भाड्याने देण्यास नकार देण्याला त्याने बंदी केली. १९७४ मध्ये लिंगाची आणि १९८८ मध्ये अपंगत्वाची व घरात लहान मुले असण्याची त्यात भर पडली. एजंटाविना स्वतःचे घर स्वतःच विकणाऱ्याला या कायद्यात थोडी सवलत आहे, पण वंशावरून नकार देण्याची मुभा १८६६ चा नागरी हक्क कायदा कोणालाच देत नाही. आता असे समजा की एका खरेदीदाराने लिहिले, ‘नाताळच्या सकाळी आमची मुले या जिन्यावरून धावत खाली येताना आम्हाला आत्ताच दिसत आहेत.’ या एका वाक्याने धर्म आणि मुले या दोन्ही गोष्टी विक्रेत्याला सांगून टाकल्या. त्याने त्या खरेदीदाराला घर दिले, तर नाकारलेला दुसरा खरेदीदार विचारू शकतो की निवड कशावरून झाली. विक्रेत्याच्या मनात काही नसले तरी तो अडचणीत येतो आणि त्याच्यासोबत त्याचा एजंटही येतो. म्हणूनच रिअल इस्टेट एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये अशा पत्रांपासून दूर राहण्याचा सल्ला आपल्या सभासदांना दिला. ओरेगॉन राज्य तर आणखी पुढे गेले: विक्रेत्याच्या एजंटाने खासगी पत्रे व छायाचित्रे पुढे पोहोचवू नयेत असा कायदा त्याने २०२१ मध्ये केला. तो जानेवारी २०२२ पासून लागू झाला, पण अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर मार्च २०२२ मध्ये फेडरल न्यायालयाने त्याची अंमलबजावणी रोखली. तेव्हा पत्र लिहिणे हा गुन्हा नाही. पण वाचणाऱ्याला अडचणीत टाकणारे पत्र तो वाचणारच नाही, हे ध्यानात ठेवावे.

माझे पहिले पत्र असेच अडचणीत टाकणारे होते. त्यात चार परिच्छेद होते, उन्हाळ्यात सहा महिने राहायला येणारी आई होती, मागच्या अंगणात लावायची तुळस होती आणि शेवटी आम्हा सर्वांचे एक छायाचित्रही चिकटवलेले होते. आमच्या एजंटबाईंनी ते शांतपणे वाचले, पेन काढले आणि ज्या ज्या वाक्यात आम्ही होतो ते ते वाक्य खोडत गेल्या. शेवटी अडीच ओळी उरल्या. जिन्याखालच्या तिरक्या जागेत कोणीतरी पुस्तकांसाठी फळ्या बसवल्या होत्या, प्रत्येक फळी उताराच्या मापाने वेगळी कापलेली होती आणि सर्वांत खालच्या, वीतभर उंचीच्या खणालाही कड घासून गुळगुळीत केली होती. त्याबद्दलच्या त्या ओळी होत्या. बाई म्हणाल्या, ‘पत्र एवढेच आहे, बाकी तुमची डायरी आहे.’ ते घर आम्हाला मिळाले नाही, किमतीत आम्ही बरेच मागे होतो. पण नंतरची पत्रे मी त्या अडीच ओळींपासूनच सुरू केली.

अशा ओळी घर पाहतानाच मिळवाव्या लागतात. ओपन हाउसच्या गर्दीत आपण खोल्यांची मापे आणि छताची अवस्था पाहत असतो. ते पाहावेच, परंतु त्यासोबत मालकाने स्वतः हाताने किंवा मनापासून काय केले आहे याकडेही लक्ष द्यावे. गॅरेजमध्ये खिळ्यांच्या बरण्यांवर मापांच्या चिठ्ठ्या लावलेल्या असतात, घर उबदार ठेवणाऱ्या भट्टीच्या अंगावर तिचा फिल्टर बदलल्याच्या तारखा पेनने लिहिलेल्या असतात, स्वयंपाकघराच्या खिडकीची उंची ओट्याशी उभे राहणाऱ्याला अंगण दिसेल अशी ठेवलेली असते. यांपैकी एकच गोष्ट निवडावी, फार तर दोन. ‘आपले घर अतिशय सुंदर आहे’ हे वाक्य विक्रेत्याने त्या दोन दिवसांत वीस जणांकडून ऐकलेले असते. फिल्टरच्या तारखांबद्दल मात्र कोणी बोललेले नसते, आणि ज्याने दर तीन महिन्यांनी तिथे वाकून तारीख लिहिली त्याला ते वाचून बरे वाटणारच. मालकाच्या भिंतीवरील छायाचित्रांवरून, पुस्तकांवरून किंवा देवादिकांच्या तसबिरींवरून त्याच्याशी नाते जोडण्याचा मोह मात्र आवरावा, कारण ‘आपणही अमुक धर्माचे दिसता’ अशा वळणाचे वाक्य कितीही जिव्हाळ्याने लिहिले तरी ते वर सांगितलेल्या कायद्याच्या कक्षेत जाते.

पत्राचा दुसरा भाग व्यवहाराचा असतो आणि माझ्या मते वजन त्यालाच अधिक असते. विक्रेत्याच्या मनातली खरी काळजी बहुधा घर कोणाकडे जाते ही नसून व्यवहार मधेच फिसकटणार तर नाही ना ही असते. त्याने पुढचे घर पाहिलेले असते, सामान हलवणाऱ्यांशी बोलणे झालेले असते आणि खरेदीदाराचे कर्ज ऐन वेळी अडले तर त्याची सगळी साखळी कोलमडते. म्हणून कर्जाची पूर्वमंजुरी झालेली आहे, इसाराची रक्कम तयार आहे, घराची तपासणी किती दिवसांत करून घेणार आहोत आणि क्लोजिंगच्या, म्हणजे पैसे देऊन व्यवहार पुरा करण्याच्या, तारखेबाबत आपण किती लवचिक आहोत, हे ऑफरमध्ये असलेलेच मुद्दे साध्या भाषेत दोन-तीन वाक्यांत सांगावेत. घर सोडण्यापूर्वी विक्रेत्याला काही आठवडे हवे असल्याचे त्याच्या एजंटाकडून कळलेले असेल, तर विक्रीनंतर काही काळ भाड्याने राहू देण्याची तयारी आपण ऑफरमध्ये दाखवू शकतो आणि पत्रात तिचा उल्लेख करू शकतो. इथे एक खाचखळगा आहे: स्वतः राहण्यासाठी म्हणून घेतलेल्या बहुतेक कर्जांत खरेदीनंतर ६० दिवसांच्या आत राहायला जाण्याची अट असते, तेव्हा ‘हवे तितके राहा’ असे उदारपणे लिहून बसू नये.

पत्रात असलेला प्रत्येक शब्द ऑफरशी जुळला पाहिजे. ऑफरमध्ये तपासणीची अट ठेवायची आणि पत्रात ‘घर आहे तसे आम्हाला मान्य आहे’ असे लिहायचे, या विसंगतीने विश्वास जातो आणि पुढे दुरुस्तीचे पैसे मागताना आपलेच वाक्य आपल्यासमोर येते. ‘गरज पडल्यास आम्ही आणखी वर जाऊ’ हे तर कधीच लिहू नये. ज्याला वर जायचे असेल त्याने, दुसऱ्याची ऑफर मोठी आल्यास आपली किंमत टप्प्याटप्प्याने वाढवण्याचे कलम ऑफरमध्येच घालावे, त्याला मर्यादा असते आणि त्या मोठ्या ऑफरचा पुरावा मागता येतो. त्याचप्रमाणे ‘हे आमच्या स्वप्नातले घर आहे, याच्याशिवाय आम्ही राहू शकत नाही’ असे लिहिल्यावर घासाघीस करण्याची आपली ताकद संपते. परसातले जुने झाड कधी तोडणार नाही, घराचे रूप बदलणार नाही, अशी वचनेही देऊ नयेत. ती पाळणे हातात नसते आणि मोडल्यास निदान आपल्यालाच बोचतात. उलट, कोणती भिंत पाडणार आहोत आणि स्वयंपाकघर कसे उचकटून नवे करणार आहोत, हे सांगण्याचीही गरज नसते.

प्रत्यक्ष पत्र इंग्रजीतच जाईल, पण त्याचा सांगाडा मराठीत असा दाखवता येईल:

‘नमस्कार. रविवारी दुपारी आपले घर पाहण्याची संधी दिल्याबद्दल आभार. तळघरात भट्टीच्या अंगावर २००४ पासूनच्या फिल्टर बदलाच्या तारखा ओळीने लिहिलेल्या पाहिल्या आणि वरच्या मजल्यावरची प्रत्येक खिडकी एका बोटाने का उघडते याचा उलगडा झाला. इतकी निगा राखलेले घर आम्ही या शोधात दुसरे पाहिले नाही. आमची ऑफर आपल्या एजंटांकडे पोहोचली असेल. कर्जाची पूर्वमंजुरी सोबत जोडली आहे, तपासणी आम्ही सात दिवसांत पूर्ण करू आणि आपल्याला पुढील घराची तारीख जुळवायची असल्यास क्लोजिंग दोन आठवडे मागे-पुढे करण्यास आमची तयारी आहे. निर्णय काहीही झाला तरी आपल्या पुढील घरासाठी शुभेच्छा.’

एवढे पुरे. मजकूर एका पानाच्या आत, खरे तर अर्ध्या पानातच बसावा. ‘आम्ही’ लिहिले तरी चालते, मात्र ‘मी आणि माझी पत्नी’ असे लिहू नये, कारण वैवाहिक स्थितीवरून भेदभाव करण्यासही कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत बंदी आहे. सहीच्या जागी पूर्ण नाव हवेच असे नाही. नाव ऑफरवर असतेच आणि पत्राखाली केवळ ‘खरेदीदार’ असे लिहिण्यास काही एजंट सांगतात. पोशाख, वय, प्रकृती, नोकरीची जागा, देऊळ किंवा चर्च जवळ असल्याचा आनंद, शाळा चांगली असल्याचे समाधान, यांपैकी काहीही नको. शाळेचा उल्लेख निरुपद्रवी वाटतो, पण घरात मुले आहेत हे तोच सांगून जातो. छायाचित्र आणि व्हिडिओ तर नकोच.

लिहून झाल्यावर पत्र आपल्या एजंटाला वाचायला द्यावे आणि त्याने खोडलेल्या ओळींसाठी भांडू नये. स्थानिक नियम त्याला ठाऊक असतात आणि परवाना त्याचा पणाला लागलेला असतो. पत्र ऑफरच्या कागदांत मिसळू नये, वेगळे पान म्हणून त्याच दिवशी दोन्हीकडच्या एजंटांमार्फत जाऊ द्यावे. विक्रेत्याचा पत्ता, फोन किंवा सोशल मीडियावरचे खाते शोधून थेट संपर्क साधू नये. भेट म्हणून फुले, मिठाई किंवा भेटकार्डाचे पाकीट पाठवण्याची कल्पना काहींना सुचते. तीही सोडून द्यावी.

उत्तर नकाराचे आले तर प्रतिपत्र लिहिण्याची गरज नसते. घर खरोखर हवे असेल तर एजंटाला सांगून राखीव ऑफर द्यावी, म्हणजे पहिल्या खरेदीदाराचे कर्ज अडले किंवा मूल्यांकन कमी आले तर विक्रेत्याला पुन्हा बाजारात न जाता आपल्याकडे वळता येते. राखीव ऑफरसोबत नवे पत्र जोडू नये. पहिले पत्र त्याने वाचलेले असते, आणि तारखा बदलल्या असतील तर त्या ऑफरच्या कागदावरच दुरुस्त कराव्यात.