अ‍ॅडमिनचा पासवर्ड लावला, तरी गेम आला कसा? या चुका टाळा

घरात कम्प्युटर एक आणि वापरणारे चौघं. मुलांनी नको ते डाउनलोड करू नये म्हणून पालक पेरेंटल कंट्रोलचं एखादं सॉफ्टवेअर बसवतात आणि निर्धास्त होतात. थोड्या दिवसांनी ब्राउझरचं होमपेज बदललेलं दिसतं, कोपऱ्यात जाहिराती उगवायला लागतात आणि डेस्कटॉपवर दोन-तीन अनोळखी आयकॉन येऊन बसतात. मग दुसरं सॉफ्टवेअर शोधायची धावपळ. माझ्या मते हा सगळा क्रमच उलटा आहे. मूल कोणत्या अकाउंटमधून कम्प्युटर वापरतं, हे आधी बघायला हवं. बाकी कुलपं त्यानंतर.

मुलाचं अकाउंट अ‍ॅडमिन असणं

नवा विंडोज कम्प्युटर पहिल्यांदा सुरू करताना जे अकाउंट तयार होतं, ते अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असतं. म्हणजे त्याला काहीही बसवायचा-बदलायचा अधिकार असतो. पुढे घरातले सगळे तेच वापरत राहतात. अशा अकाउंटमध्ये काहीही बसवायला गेलं की विंडोज एक खिडकी दाखवून फक्त ‘येस’ की ‘नो’ एवढंच विचारतं. विंडोज व्हिस्टाबरोबर २००७ मध्ये ही खिडकी सगळ्यांच्या घरी आली आणि तेव्हापासून मुलं डोळे मिटून ‘येस’ दाबत आली आहेत. मोठी माणसंही दाबतात म्हणा.

स्टँडर्ड, म्हणजे मर्यादित अधिकारांच्या, अकाउंटमध्ये तीच खिडकी अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागते. तो माहीत नसेल तर गोष्ट तिथेच थांबते. व्हायरस किंवा जाहिरातींचा कचरा चुकून आलाच, तर तोही सहसा मुलाच्या अकाउंटपुरता राहतो आणि साफ करायला सोपा जातो.

बदल करताना मात्र घाई नको. आधी पालकांसाठी वेगळं अ‍ॅडमिन अकाउंट बनवा, त्यात एकदा प्रत्यक्ष लॉगिन करून पासवर्ड चालतोय याची खात्री करा आणि मगच सेटिंग्जमधल्या ‘अकाउंट्स’ भागात जाऊन मुलाचं अकाउंट स्टँडर्ड करा. जुनंच अकाउंट मुलाकडे ठेवलं तर त्याच्या फाइली, वॉलपेपर, शाळेचे प्रोजेक्ट जागच्या जागी राहतात आणि निम्मं भांडण तिथेच मिटतं. पालकांनीही रोजच्या कामाला अ‍ॅडमिन अकाउंट वापरू नये. ते फक्त काही बसवण्यापुरतं उघडावं.

‘स्टँडर्ड केलं, आता काहीच येणार नाही’ असं समजणं

इथे सगळ्यात जास्त पालक फसतात.

अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागतो तो सगळ्यांच्या सामाईक जागेत काही लिहायचं असेल तेव्हा, म्हणजे ‘प्रोग्रॅम फाइल्स’ किंवा ‘विंडोज’ या फोल्डरांत. पण प्रत्येक अकाउंटला स्वतःचं एक फोल्डर असतं आणि त्यात ‘अ‍ॅपडेटा’ नावाचं लपवलेलं फोल्डर असतं. तिथे लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. कितीतरी प्रोग्रॅम मुद्दाम तिथेच बसतात. गप्पांचा डिस्कॉर्ड तसा बसतो, गेमचा रोब्लॉक्स तसा बसतो, आणि क्रोमला अ‍ॅडमिनचा पासवर्ड मिळाला नाही तर तोही मुकाट्याने त्याच जागी जाऊन बसतो. यात मुलाने काही चलाखी केलेली नसते. त्याने डाउनलोड करून डबलक्लिक केलं, पासवर्ड कुणी मागितलाच नाही आणि प्रोग्रॅम सुरू झाला. ‘तू पासवर्ड कुठून मिळवलास?’ असं दरडावण्याआधी हे तपासा.

पोर्टेबल प्रोग्रॅमना तर बसवावंच लागत नाही. झिप फाइल उघडायची, आतली फाइल चालवायची, झालं. पेनड्राइव्हवरूनही चालतात.

ब्राउझरचे एक्सटेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्रॅमही याच वाटेने येतात. त्यांना पासवर्ड लागत नाही, आणि उघडलेल्या प्रत्येक पानावरचा मजकूर वाचायची परवानगी ते बिनदिक्कत मागतात. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या गेमला तर डाउनलोडही लागत नाही, त्यामुळे बसवण्यावरच्या बंदीचा त्याच्याशी काही संबंधच येत नाही.

आणि मॉड, म्हणजे गेममध्ये बदल करणारी, इतरांनी बनवलेली भर. माइनक्राफ्ट रीतसर विकत घेऊन, पासवर्ड टाकून तुम्हीच बसवून दिलेला असतो. त्यात मूल जे मॉड टाकतं ते गेमच्या पोटात चालतात, त्यामुळे विंडोजला त्यांची दखल घ्यायचं कारण पडत नाही. जून २०२३ मध्ये मॉड मिळण्याच्या कर्सफोर्जसारख्या नावाजलेल्या साइटवरच्या काही मॉडमध्ये ‘फ्रॅक्चरायझर’ नावाचं मालवेअर सापडलं. ब्राउझरमध्ये साठवलेली लॉगिनची माहिती चोरणं हे त्याच्या कामांपैकी एक होतं. ज्या अकाउंटमध्ये मूल मॉड टाकतं, त्याच अकाउंटच्या ब्राउझरमध्ये तुमच्या बँकेचा पासवर्ड सेव्ह असेल, तर अकाउंट वेगळी ठेवायला यापेक्षा मोठं कारण शोधायची गरज नाही.

मग या वाटा बंद कशा करायच्या?

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅप्स’च्या भागात अ‍ॅप कुठून घ्यायची हे ठरवायची सोय आहे. तिथे ‘फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअर’ निवडलं की इंटरनेटवरून उतरवलेल्या इन्स्टॉलरना अटकाव होतो. बऱ्याच घरांना एवढं पुरतं. मात्र ही अभेद्य भिंत नाही, आणि स्टोअरमधली अ‍ॅप स्टँडर्ड अकाउंटलाही पासवर्डशिवाय घेता येतात. म्हणून जोडीला मायक्रोसॉफ्ट फॅमिली सेफ्टी ही पेरेंटल कंट्रोलची सोय लावा. त्यात मुलाचं वय टाकलं की त्या वयाबाहेरची स्टोअरमधली अ‍ॅप आणि गेम मागितल्याशिवाय मिळत नाहीत. एखादा प्रोग्रॅम एकदा वापरला गेला की तो पालकांच्या यादीत दिसतो आणि तिथूनच बंद करता येतो.

फॅमिली सेफ्टीतली नेहमीची गफलत अशी: मुलाचं मायक्रोसॉफ्ट अकाउंट फॅमिली ग्रुपमध्ये जोडलेलं असतं, पण कम्प्युटरवर मूल लॉगिन करतं ते जुन्या लोकल, म्हणजे मायक्रोसॉफ्टशी न जोडलेल्या, अकाउंटमधून. मग नियम लागू होणार कुणाला? मोबाइलवर सगळं हिरवं दिसतं आणि कम्प्युटरवर काहीच होत नाही, अशी तक्रार असेल तर आधी लॉगिनच्या पडद्यावर कोणतं अकाउंट आहे ते बघा. दुसरं, यातला वेबसाइटचा फिल्टर एज ब्राउझरपुरता चालतो. तो सुरू केला की नेहमीचे दुसरे ब्राउझर बंद होतात. क्रोम अचानक उघडेनासा झाला तर कम्प्युटर बिघडला असं समजू नका.

याहून कडक हवं असेल तर अ‍ॅपलॉकर आहे. ठरावीक फोल्डरांबाहेरचं काही चालूच द्यायचं नाही, असा नियम त्यात करता येतो. पण त्यासाठी लागणारा, असे नियम लावायचा ग्रुप पॉलिसी एडिटर विंडोजच्या होम आवृत्तीत नसतो, आणि नियम चुकला तर नेहमीचे प्रोग्रॅमही बंद पडतात. घरच्या कम्प्युटरसाठी मी तरी हे सुचवणार नाही.

मुलासमोर, न वाचता पासवर्ड टाकणं

‘बाबा, जरा पासवर्ड टाका ना’ अशी हाक येते. बाबा फोनवर बोलत येतात, वाकून चार आकडी पिन दाबतात आणि जातात. यात दोन गोष्टी झाल्या. पिन मुलाने पाहिला, आणि काय बसतंय ते बाबांनी पाहिलं नाही.

त्या खिडकीत वाचण्यासारखं बरंच असतं. वर प्रोग्रॅमचं नाव, खाली तो कुणी बनवला त्याचं नाव. ‘अननोन’ लिहिलेलं दिसलं तर थांबा. ‘शो मोअर डिटेल्स’ दाबलं की फाइल नेमकी कुठून चालतेय तेही कळतं. शाळेचं सॉफ्टवेअर म्हणून मागितलेली फाइल ‘डाउनलोड्स’मधल्या ‘फ्री रोबक्स’ नावाच्या फोल्डरातून येत असेल, तर चर्चा वेगळी होईल. पुढे इन्स्टॉलरमध्ये ‘रेकमेंडेड’ऐवजी ‘कस्टम’ निवडून बघा. सोबत चिकटवलेले टूलबार आणि कसले कसले क्लीनर तिथे टिक करून ठेवलेले असतात.

चार आकडी पिनऐवजी अक्षरं मिसळलेला लांब पिन ठेवा. आणि जागेवरून उठताना विंडोजचं बटन आणि एल दाबून स्क्रीन लॉक करा. पालकांचं अ‍ॅडमिन अकाउंट उघडं सोडलेलं असेल तर वरचे सगळे उपाय फुकट.

‘आईने पासवर्ड टाकला, पण गेम दिसतच नाही’

ही तक्रार वारंवार येते आणि तिचं कारण गमतीचं आहे. मुलाच्या अकाउंटमध्ये अ‍ॅडमिनचा पासवर्ड टाकला की तो इन्स्टॉलर अ‍ॅडमिनच्या नावाने चालतो. तो प्रोग्रॅम ‘अ‍ॅपडेटा’त बसणाऱ्यांपैकी असेल, तर तो मुलाऐवजी आईच्या फोल्डरात जाऊन बसतो. मूल पुन्हा बसवतं, पुन्हा तेच, आणि शेवटी वैतागून कुणीतरी मुलाचं अकाउंट अ‍ॅडमिन करून टाकतं. तसं करू नका. इन्स्टॉलरमध्ये ‘सगळ्या यूजरसाठी’ असा पर्याय असेल तर तो निवडा. नसेल, आणि प्रोग्रॅम तुम्हाला मान्य असेल, तर अ‍ॅडमिनचा पासवर्ड न टाकता मुलाच्याच अकाउंटमध्ये बसू द्या.

असाच दुसरा त्रास जुन्या शैक्षणिक सॉफ्टवेअरचा. दर वेळी उघडताना ते पासवर्ड मागतं, कारण ते स्वतःच्या ‘प्रोग्रॅम फाइल्स’मधल्या फोल्डरातच गुण किंवा सेटिंग्ज लिहायला जातं. अशा वेळी अ‍ॅडमिन अकाउंटमधून त्या एकाच फोल्डरावर मुलाच्या अकाउंटला लिहायची परवानगी द्या. फोल्डरावर राइट क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘सिक्युरिटी’. बहुतेकदा तेवढ्यावर भागतं.

गेमच्या दुकानाला मोकळं सोडणं

स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान एकदा बसवून दिलं की पुढचे बरेचसे गेम पासवर्ड न मागता येतात, कारण स्टीम स्वतःच्या फोल्डरात सगळ्यांना लिहू देतं. तिथलं नियंत्रण तिथेच लावावं लागतं. २०२४ पासून स्टीम फॅमिलीजमध्ये मुलाचं वेगळं खातं जोडून कोणते गेम दिसावेत ते ठरवता येतं. इतर लाँचरच्या (गेम उघडून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सेटिंग्जमध्येही असंच काही आहे का ते बघून घ्या.

मॅक, क्रोमबुक, लिनक्स

मॅकवरही तेच सूत्र: मुलाचं अकाउंट स्टँडर्ड, वापरावर बंधनं घालणाऱ्या स्क्रीन टाइमला वेगळा पासकोड. कॅटलिना या आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, मॅकवर स्क्रीन टाइम आहे. पण पालकांची परवानगी मागणारी ‘आस्क टू बाय’ची विचारणा अ‍ॅपलच्या दुकानातून घेतलेल्या गोष्टींपुरतीच. वेबसाइटवरून आणलेलं अ‍ॅप स्वतःच्या फोल्डरात ठेवून स्टँडर्ड अकाउंटमधूनही चालवता येतं. क्रोमबुकवर गूगलचं पेरेंटल कंट्रोल, फॅमिली लिंक, चांगलं काम करतं, फक्त गेस्ट मोड बंद करायचं विसरू नका, नाहीतर मूल दुसऱ्या दाराने आत. लिनक्सवर मुलाला सुडोचा, म्हणजे अ‍ॅडमिनसारखा, अधिकार देऊ नका. अ‍ॅपइमेज आणि यूजरपुरते बसवलेले फ्लॅटपॅक या प्रकारांतली अ‍ॅप तरीही चालतात हे लक्षात ठेवा.

मागितल्यावर आठवडाभर उत्तर न देणं

तांत्रिक चूक नाही, पण तंत्र मोडतं ते इथेच. ज्या घरात ‘बघू’ म्हणजे ‘नाही’ असतं, तिथे मूल विचारणं सोडून देतं आणि वरच्या मोकळ्या वाटांचा अभ्यास सुरू करतं. त्याच दिवशी हो किंवा नाही सांगा. नाही असेल तर कारण सांगा: यात अनोळखी लोकांशी व्हॉइस चॅट आहे, हा क्रॅक केलेला आहे, याचं रेटिंग तुझ्या वयाचं नाही. मोठी मुलं इतरांना विचारून पेनड्राइव्हवरून दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करण्यापर्यंत पोचतात. त्यावर बायोसचा, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचा, पासवर्ड लावता येतो. पण त्याआधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्कला लावलेल्या कुलपाची) रिकव्हरी की पालकांकडे आहे ना ते बघा, कारण बूटच्या सेटिंग्ज बदलल्यावर विंडोज ती मागू शकतं. आणि बायोसचा पासवर्ड कागदावर लिहून ठेवा. विसरलात तर तो काढणं महाकर्मकठीण.

तपासणी चुकीच्या अकाउंटमधून करणं

पालक आपल्या अकाउंटमध्ये ‘इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स’ची यादी उघडतात, काही वावगं दिसत नाही, आणि विषय संपतो. पण मुलाच्या ‘अ‍ॅपडेटा’त बसलेले प्रोग्रॅम तुमच्या यादीत दिसतच नाहीत. मुलाला शेजारी बसवून त्याच्या अकाउंटमधून ती यादी उघडा आणि तारखेप्रमाणे लावा. टास्क मॅनेजरमध्ये ‘स्टार्टअप अ‍ॅप्स’ बघा, ब्राउझरमधले एक्सटेन्शन बघा, आणि एकाहून जास्त ब्राउझर असतील तर प्रत्येकातले वेगवेगळे बघा. ज्याचं नाव दोघांनाही ओळखीचं वाटत नाही, ते आधी काढा.