न्यूमोकोकसची औषध-तपासणी: खान्देशातल्या लॅबसाठी

न्यूमोकोकस म्हणजे न्यूमोनिया आणि मेंदूज्वर करणारा जंतू. मे महिन्यात भुसावळहून जळगावला त्याचा नमुना पाठवताना उन्हात तापू देऊ नका. पण मणक्यातलं पाणी फ्रिजमध्येही ठेवू नका, जंतू मरतो. मेंढीच्या 5 टक्के रक्ताच्या ब्लड अगारवर, 5 टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये, 35 अंशांवर रात्रभर वाढवा. भोवती हिरवट, मध्ये खोलगट कॉलनी (जंतूंचा ठिपका) दिसली की ऑप्टोचिन या रसायनाची 6 मिमी डिस्क लावा. डिस्कभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ 14 मिमी किंवा जास्त म्हणजे न्यूमोकोकस. कमी भरलं तर पित्तक्षार चाचणी (पित्तक्षारात न्यूमोकोकस विरघळतो) कराच. ताजीच कॉलनी घ्या, जुनी आपोआप विरघळते.

मग 1 मायक्रोग्रॅम ऑक्सासिलिनची डिस्क लावा. वर्तुळ 20 मिमीपासून पुढे असेल तर पेनिसिलिन चालेल. 19 किंवा कमी आलं म्हणून लगेच ‘रेझिस्टंट’ (औषधाला दाद न देणारा) लिहू नका, पेनिसिलिनची एमआयसी (जंतूची वाढ थांबवणारी औषधाची किमान मात्रा, मायक्रोग्रॅम प्रति मिली) काढा: मेंदूज्वरात 0.12 किंवा जास्त म्हणजे रेझिस्टंट, न्यूमोनियात शिरेतून देताना 2 पर्यंत चालतं. रिपोर्टवर आजार लिहाच.